नाडी अनेक वर्षांपासून अनियमित, आणि आता झडप गळते म्हणतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात, फोंड्यात फिजिशियन आहे. आठवड्यातून दोन-तीनदा तरी कोणी ना कोणी टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद माझ्या टेबलावर ठेवतं. कागद इंग्रजीत असतो आणि खाली ठळक अक्षरांत 'एएफ, मॉडरेट एमआर, सीव्हिअर टीआर' असं काहीतरी लिहिलेलं असतं. आदल्या रात्री मुलांनी मोबाइलवर शोधाशोध केलेली असते, त्यामुळे आत येतानाच 'बायपास करावी लागणार का?' हा प्रश्न तयार असतो. बायपासचा इथे काही संबंध नाही. बाकी जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. ती वाचून घरच्या घरी गोळ्या बदलू नका. त्यासाठी तपासणारा डॉक्टर समोर लागतो.

रिपोर्टात 'एएफ' आहे आणि 'एमआर'ही आहे. हे दोन आजार की एकच?

'एएफ' म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे (शाळेच्या पुस्तकातले अलिंद) नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात. त्यांच्यातून मिनिटाला ३५० ते ६०० विजेचे झटके निघतात. त्यातले थोडेच खालच्या कप्प्यांपर्यंत, म्हणजे निलयांपर्यंत पोचतात आणि तेही वेडेवाकडे, म्हणून नाडीला ताल उरत नाही. 'एमआर' म्हणजे डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेची गळती आणि 'टीआर' म्हणजे उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेची.

दोन्ही एकाच कागदावर असतील तर विचारायचं ते हे: आधी कोण आलं? उपचारांची दिशा यावरच ठरते. दुर्दैवाने रिपोर्टात बहुतेक वेळा हे लिहिलेलं नसतं.

गळती म्हणजे रक्त छातीत सांडतं का?

नाही. रक्त हृदयातच असतं, फक्त पुढे जायचं ते काही प्रमाणात मागे फिरतं.

डॉक्टर म्हणतात झडपेची पानं चांगली आहेत. मग ती गळते कशी?

आपल्याकडच्या जुन्या घरांचं दोन फळ्यांचं मुख्य दार आठवा. फळ्या सागवानी आहेत, कीड नाही, कुठे चीर नाही. पण पावसाळ्यामागून पावसाळे गेले, मातीची भिंत खचली, चौकट फाकली. आता फळ्या कितीही ओढल्या तरी मधे बोटभर फट राहतेच आणि पावसाची झड आत येते. सुतार बोलावला तर तो आधी फळ्यांना हात लावत नाही, भिंतीकडे बघतो.

मायट्रल झडप अशीच एका कड्यात बसवलेली असते. वरचा कप्पा वर्षानुवर्षं थरथरत राहिला की सैलावतो आणि फुगतो, आणि त्याच्याबरोबर हे कडंही ताणलं जातं. निरोगी हृदयात दोन्ही पानांचं मिळून क्षेत्रफळ कड्याच्या तोंडापेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून पानं एकमेकांवर चांगली चढून बसतात. कडं ताणलं तसं हे जास्तीचं कापड संपत जातं. पानंही थोडी वाढून जुळवून घेतात. पण काहींची वाढ पुरी पडते, काहींची पडत नाही, आणि म्हणूनच तेवढाच फुगलेला कप्पा असून एकाची झडप गळते, दुसऱ्याची नाही. शिवाय मागच्या बाजूला फुगलेला कप्पा मागचं पान ओढून धरतो.

आणखी एक गोष्ट आहे. निरोगी हृदयात वरचा कप्पा आकुंचन पावतो तेव्हा कडंही थोडं आवळतं आणि झडप मिटायला तयार होते. एएफमध्ये ही मदतच जाते.

मग दुष्टचक्र सुरू होतं. मागे आलेलं रक्त कप्प्याला आणखी फुगवतं, फुगलेला कप्पा एएफला आणखी घट्ट धरून ठेवतो. या प्रकारात खालचा डावा कप्पा आकाराने आणि ताकदीने बहुधा ठीक असतो. म्हणून रिपोर्टात 'ईएफ ६० टक्के' (हा कप्पा दर ठोक्याला किती टक्के रक्त पुढे ढकलतो तो आकडा) वाचून घरचे निश्चिंत होतात, आणि तरीही आजीला जिना चढवत नाही.

पण उलटंही होतं ना? आधी झडप बिघडते आणि मग ठोके?

होतं, आणि आपल्या देशात हे विसरून चालत नाही. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, पुढे त्या संधिवाताच्या तापाने झडपेची पानं जाड आणि ताठ झाली, टोकाला एकमेकांना चिकटली, झडप अरुंद झाली. मग तिच्यामागचा कप्पा फुगला आणि एएफ आलं. इथे फळ्याच खराब आहेत. तिसरा प्रकार म्हणजे पान सैल होऊन वर उलटणं किंवा त्याची दोरी तुटणं. चौथा, हार्ट अटॅकनंतर खालचा कप्पा पसरून झडपेला खाली ओढतो.

इको काढणाऱ्याला हे चारही प्रकार बहुधा पहिल्या काही मिनिटांतच वेगळे ओळखू येतात. म्हणून पुढच्या भेटीत एवढंच विचारा: 'डॉक्टर, पान खराब आहे की कडं ताणलंय? आणि झडप अरुंद आहे का?' या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर रक्त पातळ करणारी गोळी कोणती, ठोका तालात आणायला विजेचा शॉक द्यायचा का, शस्त्रक्रियेचा विचार कधी, हे सगळं अवलंबून असतं.

एमआर मध्यम आणि टीआर तीव्र. उजवी बाजू जास्त का बिघडली?

ट्रायकस्पिडचं कडं मायट्रलपेक्षा मऊ असतं. त्याला तंतूंचा आधार कमी, म्हणून ते लवकर पसरतं. त्यात डाव्या बाजूचा दाब फुप्फुसांतून मागे उजव्या बाजूवर येतोच. या गळतीची लक्षणं छातीत कमी आणि इतरत्र जास्त दिसतात: संध्याकाळी पायांवर सूज, पोट फुगल्यासारखं वाटणं, जेवण नकोसं होणं, मानेच्या शिरा उड्या मारताना दिसणं. यकृतात रक्त तुंबतं. कितीतरी जण आधी वर्षभर 'ॲसिडिटी'च्या गोळ्या खाऊन मग इकोपर्यंत येतात.

आईला काहीच त्रास नाही. तरी काळजी करायची?

'त्रास नाही' हे वाक्य मी जरा संशयानेच ऐकतो. पाच वर्षांपूर्वी पणजीत अल्तिनोचा चढ एका दमात चढणारी बाई आता रिक्षा करते आणि म्हणते 'वय झालं'. देवळात प्रदक्षिणा तीनऐवजी एक घालते, झोपताना एक उशी जास्त घेते. माणूस त्रास होऊ नये म्हणून हालचालच कमी करतो. म्हणून 'दम लागतो का?' असं विचारू नका. 'गेल्या चवथीला जे काम करत होतीस त्यातलं यंदा काय सोडलंस?' असं विचारा.

खरंच काही त्रास नसेल आणि गळती सौम्य असेल तर ठरावीक काळाने इको करत राहणं पुरतं. रक्ताच्या गुठळीचा धोका मात्र त्रास असो वा नसो, असतोच. त्याबद्दल खाली.

मार्चमध्ये 'माइल्ड' होतं, जूनमध्ये 'सीव्हिअर'. मशीन चुकलं का?

मशीन चुकलेलं असेलच असं नाही. ही गळती दिवसागणिक बदलते. रक्तदाब १७० असताना इको काढला, अंगात पाणी साचलेलं होतं, नाडी १३० होती, तर गळती मोठी दिसणारच. पाण्याची गोळी (लघवीवाटे साचलेलं पाणी काढणारी) सुरू झाल्यावर तीच कमी दिसते. शिवाय एएफमध्ये प्रत्येक ठोका वेगळा असतो, म्हणून काळजीपूर्वक काम करणारा तंत्रज्ञ पाच किंवा अधिक ठोके मोजून सरासरी काढतो. त्यासाठी वेळ लागतो, आणि बाहेर बाकावर वीसजण बसलेले असतात.

माझी पद्धत अशी: आधी रक्तदाब, नाडी आणि पाणी ताब्यात आणायचं, मग काही आठवड्यांनी पुन्हा इको. पहिल्याच रिपोर्टावर मोठा निर्णय घ्यायचा नाही. अर्थात माणूस गुदमरत असेल तर गोष्ट वेगळी. गळतीची तीव्रता शंकास्पद राहिली तर अन्ननलिकेतून नळी घालून इको करतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण करण्यासारखं आहे.

रक्त पातळ करायची गोळी आयुष्यभर का? रक्त तर दिसायला बरं आहे.

या पानावरचं सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त रेंगाळतं. वरच्या डाव्या कप्प्याला कानासारखी एक पिशवी असते, तिथे गुठळी धरते. ती सुटून मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. एएफमुळे हा धोका सुमारे पाचपट होतो.

गोळी कोणाला द्यायची ते गुणांकाने ठरवतात. हार्ट फेल्युअर, रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार आणि ६५ ते ७४ वय यांना प्रत्येकी १ गुण, तर ७५ च्या पुढचं वय आणि आधी झालेला पक्षाघात यांना प्रत्येकी २. आपले रुग्ण बहुतेक सत्तरीचे आणि रक्तदाबवाले, म्हणजे गोळी लागतेच. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप मध्यम किंवा तीव्र अरुंद झाली असेल तर गुण मोजतच बसायचं नाही, गोळी थेट सुरू.

कोणती गोळी? कडं ताणल्यामुळे होणाऱ्या गळतीत अपिक्साबॅन, डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबॅन यांसारख्या नव्या गोळ्या चालतात, त्यांना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासणी लागत नाही. पण झडप मध्यम किंवा तीव्र अरुंद असेल, किंवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमरॉलच. संधिवाती झडप आणि एएफ असलेल्या साडेचार हजारांवर रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या प्रकारच्या गोळीवर कमी लोक दगावले. त्यामुळे शेजाऱ्याची नवी गोळी चांगली म्हणून आपणही मागू नये.

तिच्याऐवजी ॲस्पिरिन चालेल? पोटाला बरं म्हणतात.

नाही. एएफमधल्या गुठळीपासून ॲस्पिरिन पुरेसं वाचवत नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र देतं.

आयएनआर वरखाली होतो. तांबडी भाजी बंद करू का?

बंद करू नका, प्रमाण ठरवा. हिरव्या-तांबड्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि वॉरफरिन त्याच्याच विरुद्ध काम करतं. तांबडी भाजी, मेथी, पालक, शेवग्याचा पाला यांचा घरात जो परिपाठ आहे तो सगळे आठवडे तसाच ठेवा, डोस त्याला जुळवून घेता येतो. घोटाळा होतो तो पहिल्या पावसात. रानभाज्या येतात, घर आठ दिवस रोज पालेभाजी खातं आणि आयएनआर उतरतो. उलट ताप येऊन चार दिवस नुसत्या पेजेवर काढले, वर अँटिबायोटिक घेतलं, की तो चढतो. अशा वेळी तपासणी ठरलेल्या तारखेआधी करा. बहुतेकांसाठी आयएनआर २ ते ३ च्या मधे हवा, धातूच्या झडपेचं गणित वेगळं. अंगदुखीसाठी फार्मसीतून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका: रक्तस्राव वाढतो, पाणीही साचतं. नव्या प्रकारची गोळी घेणाऱ्यांनाही हे लागू आहे.

ठोका पुन्हा तालात आणला तर गळती थांबेल?

कमी होऊ शकते. म्हणून तर हा आजार मला इतर झडपांच्या आजारांहून आशादायक वाटतो. अमेरिकेतून २०११ साली एक लहान अभ्यास प्रसिद्ध झाला. एएफ आणि अशी गळती असलेल्यांवर कॅथेटरने ॲब्लेशन केलं, म्हणजे शिरेतून नळी घालून चुकीचे झटके निघणारी जागा निकामी केली. नंतर ज्यांचा ताल टिकला त्यांच्यापैकी २४ टक्क्यांतच लक्षणीय गळती उरली. ज्यांचा बिघडला त्यांच्यात ८२ टक्क्यांत. कप्पा आकसला, कडं आकसलं, फळ्या पुन्हा मिटू लागल्या.

पण वेळ महत्त्वाची. एएफ सात दिवसांच्या आत थांबलं तर एक प्रकार, सात दिवसांपुढे टिकलं तर दुसरा, वर्षभर सलग राहिलं तर तिसरा. जितकी वर्षं जातात तितका कप्प्याच्या भिंतीत व्रण वाढतो आणि ताल टिकण्याची शक्यता घटते. २०२० साली २,७८९ रुग्णांवरच्या युरोपीय अभ्यासात निदानानंतर वर्षाच्या आत ताल सुधारण्याचे उपचार सुरू केलेल्यांना पक्षाघात, हृदयामुळे मृत्यू आणि रुग्णालयात दाखल होणं यांपासून जास्त संरक्षण मिळालं. 'वय झालं, नाडी अशीच राहायची' म्हणून पाच वर्षं थांबायची आपली सवय महागात पडते, आणि यात आम्ही डॉक्टरही आलो.

रिपोर्टातला 'परमनंट एएफ' हा शब्द फसवा आहे. तो हृदयाबद्दल कमी आणि निर्णयाबद्दल जास्त सांगतो: ताल परत आणायचा प्रयत्न आता करायचा नाही असं रुग्ण आणि डॉक्टरांनी ठरवलंय. तुम्हाला न विचारता कोणी ते लिहिलं असेल तर विचारा, का? कधी कधी उत्तर बिनतोड असतं. ८२ वर्षं, कप्पा फार मोठा, दोनदा शॉक देऊन झाला. तेव्हा ठोक्यांचा वेग ताब्यात ठेवणं हेच बरोबर. विश्रांतीत मिनिटाला ११० च्या खाली हे पहिलं लक्ष्य.

शॉक देण्याआधी किमान ३ आठवडे रक्त पातळ करणारी गोळी न चुकता, किंवा अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही याची खात्री. नंतर किमान ४ आठवडे गोळी चालूच, आणि गुणांक जास्त असेल तर त्यापुढेही. ताल सुधारला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणारे रुग्ण मी पाहिलेत. त्यातले काही पुढे बोलू शकले नाहीत.

शेवटी ऑपरेशन करावंच लागतं का?

बहुतेकांना लागत नाही. औषधं, ताल, रक्तदाब, वजन सगळं करूनही गळती तीव्र आणि त्रास टिकून असेल तेव्हा विचार होतो. शस्त्रक्रियेत सर्जन बहुधा झडप बदलत नाहीत. ताणलेल्या कड्यावर मापाचं रिंग शिवून ते आवळतात, म्हणजे चौकटच दुरुस्त करतात. त्याच बैठकीत एएफसाठी कप्प्यात विजेच्या भरकटलेल्या वाटा अडवणाऱ्या रेषा आखून देता येतात (ही 'मेझ' शस्त्रक्रिया १९८७ मध्ये पहिल्यांदा झाली) आणि ती कानासारखी पिशवीही बंद करता येते. छाती उघडणं झेपणार नसेल तर मांडीच्या शिरेतून जाऊन दोन पानं चिमट्याने (क्लिपने) जोडतात. क्लिप महाग असते आणि सगळ्यांच्या झडपेला बसत नाही. ट्रायकस्पिडच्या क्लिपबद्दल २०२३ च्या अभ्यासात रुग्णांचं रोजचं जगणं सुधारलं, वर्षभरातले मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. दोन्ही गोष्टी ऐकून मगच ठरवा.

पाण्याची गोळी घेतली की बाहेर जाता येत नाही. सोडली तर?

सोडू नका, वेळ बदलून घ्या. लग्नाला किंवा जत्रेला जायचं असेल तर घरी आल्यावर दुपारी घेतली तरी बहुधा चालते, डॉक्टरांना विचारून घ्या. रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी, त्याच काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते पाणी आहे, फोन करा.

आणि मीठ. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. इथे आपलं गोंयकारपण आडवं येतं. ताजी मासळी चालते, पण सुके बांगडे, गालमो (सुकी बारीक कोळंबी), चेपणीतली तोरं (मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या), पापड, लोणचं यांत मीठ ठासून असतं. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की सुक्या मासळीवर घर चालतं आणि त्या दिवसांत सुजलेले पाय जास्त दिसतात, असा माझा आपला अनुभव. पेजेबरोबर तोर अगदी सुटत नसेल तर धुऊन, अर्धंच घ्या. 'बीपीचं मीठ' म्हणून मिळणाऱ्या पुडीत पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (एक पाण्याची गोळी) चालू असेल तर ती धोक्याची.

उर्राकचा (काजूच्या बोंडांच्या दारूचा) मोसम आहे. एखादा ग्लास?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारताना बायको बरोबर नसते. ऑस्ट्रेलियात २०२० साली, नियमित पिणाऱ्या १४० एएफ रुग्णांच्या अभ्यासात पिणं सोडायला सांगितलेल्या गटात एएफ ५३ टक्क्यांना परतलं, पीत राहिलेल्या गटात ७३ टक्क्यांना. ताल परत आणायच्या प्रयत्नात असाल तर माझं उत्तर नाही. फेणी असो वा उर्राक, शुद्ध आणि घरची असली तरी हृदयाला त्याचं कौतुक नाही. वॉरफरिनवर असाल तर आणखीच नाही. चहा-कॉफी माफक चालते.

दात काढायचाय. आधी अँटिबायोटिक लागेल?

स्वतःची झडप नुसती गळत असेल तर सहसा नाही. कृत्रिम झडप असेल किंवा आधी झडपेला जंतुसंसर्ग झाला असेल तर लागतं. रक्त पातळ करणारी गोळी दंतवैद्याने परस्पर बंद करू नये, दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांना फोन करावा.

खर्चाचं काय? कुठे दाखवायचं?

सुरुवात जवळच्या फिजिशियनकडे, नाहीतर म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात. पुढचं बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात). गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड २०१६ पासून आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला उपचारांसाठी वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख. कार्डाची मुदत संपलेली नाही ना, हे आजच बघा. दाखल व्हायच्या दिवशी ते कपाटात सापडतं आणि मुदत गेलेली असते. ॲब्लेशन किंवा क्लिपसाठी बेळगाव, मुंबई, बंगळूर गाठायचं असेल तर इकोचा नुसता कागद नेऊ नका, चित्रफितीची सीडीही मागून घ्या.

१०८ ला कधी फोन करायचा?

तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं. झोपून बरं वाटेल म्हणून थांबू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ते देता येईल का हे रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली यावरही ठरतं. ती वेळ सांगणारं माणूस बरोबर जाऊ दे. आडवं झाल्यावर गुदमरणं, फेसाळ थुंकी, चक्कर येऊन पडणं, काळी शौच, डोक्यावर आपटणं, यालाही वाट बघायची नाही.

लेक लंडनला असते. विमानाने जाऊ का?

गेल्या काही आठवड्यांत दम वाढला नसेल, वजन स्थिर असेल, तर जा. गोळ्या हातातल्या पिशवीत, प्रिस्क्रिप्शनच्या प्रतीसह. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल तर पहिल्या दिवशी घड्याळ इथलंच धरा, तिथे पोचल्यावर हळूहळू सरकवा. पाण्याच्या गोळीची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि तिकीट काढताना कडेची सीट मागा. लेकीसाठी पापड-लोणचं न्यायचं असेल तर न्या, फक्त तिथे तिच्याबरोबर बसून खाऊ नका.